यंग इलेक्ट्रिक साइन कंपनी : भाड्याच्या दिव्यांचा शतकी इतिहास

यंग इलेक्ट्रिक साइन कंपनी, म्हणजेच ‘येस्को’, ही अमेरिकेतील विद्युत-फलक आणि निऑन पाट्या तयार करणारी एक जुनी कौटुंबिक संस्था आहे. तिची स्थापना १९२० साली युटा राज्यातील ओग्डेन या गावी झाली. पुढे तिचे मुख्यालय सॉल्ट लेक सिटी येथे गेले आणि आजही ते तेथेच आहे. मात्र तिचे नाव जोडले गेले ते शेजारच्या नेवाडा राज्यातील लास वेगास या शहराशी. या शहराची जी रोषणाई चित्रपटांतून आणि छायाचित्रांतून जगभर पोहोचली, तिचा फार मोठा भाग या संस्थेच्या कारखान्यांतून बाहेर पडला.

पाटी करणाऱ्याचे नाव सहसा कोणी लक्षात ठेवत नाही. दुकान मालकाच्या नावाने ओळखले जाते, इमारत क्वचित वास्तुशिल्पकाच्या नावाने. पाटी मात्र निनावी राहते. धंदा बदलला की ती उतरते आणि भंगारात जाते. येस्कोच्या बाबतीत असे घडले नाही. त्यामागे कलेविषयीच्या जाणिवेपेक्षा व्यवहारातील एक साधी तरतूद अधिक कारणीभूत ठरली. संस्था आपले बरेचसे मोठे फलक विकत नसे, भाड्याने देत असे. या एका पद्धतीतून तिचा धंदा टिकला आणि एका शहराच्या स्मृतीचा ऐवजही शिल्लक राहिला.

ओग्डेनमधील सोनेरी अक्षरे

संस्थापक थॉमस यंग यांचा जन्म १८९५ साली इंग्लंडमधील संडरलंड येथे झाला. १९१० साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, ते कुटुंबासह युटामध्ये येऊन स्थायिक झाले. तेथे त्यांनी पाट्या रंगविण्याचे काम शिकून घेतले आणि काही वर्षे इतरांकडे नोकरी केली. १९२० साली वडिलांकडून तीनशे डॉलर उसने घेऊन त्यांनी स्वतःचे दुकान थाटले.

सुरुवातीची कामे अगदी साधी होती. दुकानांच्या काचांवर सोन्याच्या वर्खाने नावे काढणे, भिंतींवर जाहिराती रंगविणे, शवपेट्यांवर लावायच्या धातूच्या नामपट्ट्या तयार करणे आणि विजेच्या बल्बांनी उजळणाऱ्या लहान पाट्या करणे, असा तो व्याप होता. वर्खाचे काम चिकाटीचे असते. अक्षर काचेच्या आतल्या बाजूने, उलटे काढावे लागते, म्हणजे बाहेरून ते सुलटे दिसते. पुढे निऑनच्या नळ्या वाकवितानाही उलट्या आराखड्यावर काम करण्याची हीच सवय लागणार होती. हाताने अक्षर काढणारा रंगारी आणि काच वाकविणारा कारागीर यांच्यातील अंतर वाटते तितके मोठे नव्हते.

हवेतून निघालेला दिवा

निऑन हा वायू विल्यम रॅमझे आणि मॉरिस ट्रॅव्हर्स या शास्त्रज्ञांनी १८९८ साली लंडनमध्ये शोधून काढला. द्रवरूप हवेचे घटक एकेक करून वेगळे करताना त्यांना एक अपरिचित वायू मिळाला. नळीत भरून त्यातून वीज सोडताच तो गडद तांबड्या-नारिंगी प्रकाशाने उजळला. ‘नवीन’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला निऑन हे नाव मिळाले. या रॅमझे यांचा भारताशीही संबंध आला. जमशेदजी टाटा यांच्या नियोजित विज्ञानसंस्थेसाठी योग्य ठिकाण सुचविण्यास १९०० साली ते भारतात आले होते आणि त्यांनी बंगळूरची शिफारस केली. तेथील भारतीय विज्ञान संस्था १९०९ साली स्थापन झाली.

हवेत निऑनचे प्रमाण अत्यल्प, दहा लाख भागांत सुमारे अठरा भाग इतकेच असते. त्यामुळे त्याचा व्यापारी उपयोग सुरुवातीस अशक्यप्राय वाटे. फ्रान्समधील जॉर्ज क्लोद हे हवा द्रवरूप करून ऑक्सिजन वेगळा काढण्याच्या उद्योगात होते. त्या प्रक्रियेत निऑन उपउत्पादन म्हणून हाती येई. डिसेंबर १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात त्यांनी निऑनच्या लांबलचक नळ्या उजळून दाखविल्या. नळीतील विद्युताग्रे लवकर झिजून वायू निकामी होत असे, ही त्यातील मुख्य अडचण होती. क्लोद यांनी मोठ्या पृष्ठभागाची विद्युताग्रे वापरून ती दूर केली आणि १९१५ साली त्यांना अमेरिकेत त्याचे एकस्व मिळाले.

या एकस्वामुळे पुढील काही वर्षे अमेरिकेतील निऑनचा धंदा क्लोद यांच्या परवान्यावर चालला. १९३२ साली त्याची मुदत संपली आणि गावोगावच्या पाटीवाल्यांना हे तंत्र मोकळे झाले. महामंदीच्या काळात गिऱ्हाईक ओढण्यासाठी दुकानदार धडपडत होते. त्याच सुमारास ओग्डेन आणि सॉल्ट लेक सिटी येथील बाजारपेठेत जम बसलेले यंग नव्या क्षेत्राच्या शोधात होते.

काच, ज्योत आणि श्वास

निऑनची पाटी कशी तयार होते हे समजले की या धंद्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. प्रथम अक्षरांचा पूर्ण मापाचा आराखडा कागदावर उलटा काढतात. कारागीर काचेची सरळ नळी गॅसच्या ज्योतीवर तापवितो. ती मऊ झाली की काही क्षणांतच आराखड्यावर धरून वळण द्यावे लागते. वाकविताना नळी चेपू नये म्हणून तिच्या एका टोकाला लावलेल्या रबरी नळीतून तो हलकेच फुंकर घालीत असतो. हात, डोळा आणि श्वास यांचा मेळ बसण्यास काही वर्षांचा सराव लागतो. एका वळणात चूक झाली तर बहुधा ती नळी टाकून पुन्हा सुरुवात करावी लागते.

त्यानंतर दोन्ही टोकांना विद्युताग्रे जोडतात आणि नळीतील हवा पंपाने उपसून काढतात. याच वेळी उच्च दाबाची वीज सोडून नळी आतून तापविली जाते, म्हणजे काचेला चिकटलेली अशुद्ध द्रव्ये सुटून बाहेर पडतात. मग अगदी कमी दाबाने वायू भरून नळी कायमची बंद करतात. शुद्ध निऑनचा प्रकाश तांबडा-नारिंगी असतो. निळ्या प्रकाशासाठी आर्गॉन आणि पाऱ्याचा थेंब वापरतात. इतर छटा नळीच्या आतील लेपामुळे अथवा रंगीत काचेमुळे मिळतात. दोन अक्षरांना जोडणारा नळीचा भाग काळा रंग देऊन झाकला जातो. नळी पेटती ठेवण्यास रोहित्रातून हजारो व्होल्टचा, काही वेळा पंधरा हजार व्होल्टपर्यंतचा, दाब लागतो.

यंत्रे मदतीला असली, तरी नळीचे प्रत्येक वळण हातानेच द्यावे लागते. म्हणून निऑनच्या कारखान्याची खरी दौलत म्हणजे त्यातील कारागीर. ऊन, वारा आणि पाऊस सोसत उभ्या असलेल्या पाटीला नियमित देखभालही लागते. एखादे अक्षर विझले की नावाचा अर्थच बदलतो आणि मालकाची शोभा होते. येस्कोच्या धंद्याची घडी या देखभालीच्या गरजेभोवती बसली.

वाळवंटातील संधी

लास वेगास हे १९०५ साली रेल्वेच्या जमिनींच्या लिलावातून जन्मलेले गाव. सॉल्ट लेक सिटीहून लॉस एंजेलिसला जाणाऱ्या लोहमार्गावरील ते एक ठाणे होते आणि १९३० साली त्याची वस्ती जेमतेम पाच हजारांच्या आसपास होती. १९३१ साली दोन घटना घडल्या. नेवाडा राज्याने जुगाराला कायदेशीर मान्यता दिली आणि जवळच कोलोरॅडो नदीवर हूव्हर धरणाचे बांधकाम सुरू झाले. धरणावर राबणाऱ्या हजारो कामगारांच्या खिशातला पगार फ्रीमाँट रस्त्यावरील जुगारगृहांकडे वळू लागला. १९३६ साली धरणावर वीजनिर्मितीही सुरू झाली. पैसा, रात्र आणि वीज या तिन्ही गोष्टी एकाच वाळवंटी गावात जमून आल्या होत्या.

यंग यांनी १९३०च्या दशकाच्या पूर्वार्धातच येथे आपले काम सुरू केले. फ्रीमाँट रस्त्यावरील बोल्डर क्लबसाठी त्यांच्या संस्थेने उभारलेला निऑन फलक शहरातील आरंभीच्या भव्य फलकांपैकी एक गणला जातो. यंग हे जुगाराला विरोध असणाऱ्या मॉर्मन पंथाचे अनुयायी होते. तरीही त्यांच्या संस्थेची भरभराट झाली ती जुगारगृहांच्या पाट्यांवर. पाटी करणे हा आपला व्यवसाय. पाटीमागच्या दारातून आत जायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, असेच एकूण धोरण त्यातून दिसते. मांडवीच्या पात्रातील कॅसिनोंची रोषणाई रोज पाहणाऱ्या गोव्याच्या वाचकाला या व्यवहारातील ताण वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

पाटी विकायची नाही

मोठा निऑन फलक ही खर्चिक वस्तू होती. ती एकरकमी विकत घेण्याची तयारी नव्या जुगारगृहाच्या मालकाची नसे. विकत घेतली तरी वाकलेली नळी बदलणे, रोहित्र दुरुस्त करणे, रंग आणि पत्रा सांभाळणे ही कामे त्याच्या आवाक्याबाहेरची होती. यावर भाडेपट्ट्याचा तोडगा सर्वांना सोयीचा ठरला. संस्था स्वखर्चाने फलक उभारी, ठरावीक मासिक भाडे घेई आणि तो पेटता ठेवण्याची जबाबदारीही उचली. मालकाला भांडवल अडकवावे लागत नसे. पाटीवाल्याला एकदाच मिळणाऱ्या किमतीऐवजी वर्षानुवर्षे उत्पन्न मिळे.

या पद्धतीचे आणखी दोन परिणाम झाले. पहिला असा की आपलाच फलक आपल्यालाच सांभाळायचा असल्याने तो टिकाऊ बांधणे संस्थेच्या हिताचे झाले. दुसरा परिणाम त्या वेळी कोणाच्या ध्यानात आला नसावा. भाडेपट्टा संपला अथवा जुगारगृहाने नवी पाटी मागितली की जुना फलक संस्थेच्या आवारात परत येई. उपयोगी सुटे भाग काढून घेण्यासाठी तो तेथेच ठेवला जाई. अशा रीतीने वापरातून गेलेल्या पाट्यांचा ढीग वर्षागणिक वाढत गेला. इंग्रजीत या जागेला ‘बोनयार्ड’, म्हणजे हाडांचे आवार, असे म्हणत.

भव्यतेची चढाओढ

दुसऱ्या महायुद्धानंतर लास वेगासचा विस्तार झपाट्याने झाला आणि फलकांची चढाओढ सुरू झाली. १९४६ साली उघडलेल्या गोल्डन नगेट या जुगारगृहाच्या फलकावर ‘१९०५’ हे वर्ष झळकत असे. ते वर्ष शहराच्या जन्माचे होते. नव्याकोऱ्या धंद्याला त्यामुळे जुनेपणाचा आव आणता आला. पुढील दशकात या इमारतीचा दर्शनी भाग दिव्यांनी असा मढविण्यात आला की भिंत कोठे संपते आणि पाटी कोठे सुरू होते हे सांगणे कठीण झाले. हर्मन बर्न्गी आणि कर्मिट वेन यांच्यासारखे आरेखनकार येस्कोकडे होते. गिऱ्हाईक मिळविण्यासाठी ते नियोजित फलकाचे रात्रीच्या दृश्यातील रंगीत चित्र तयार करीत.

१९५१ साली पायोनियर क्लबवर ‘व्हेगास व्हिक’ हा चाळीस फूट उंचीचा निऑनचा गुराखी उभा राहिला. त्याच्या आकृतीचा आराखडा पॅट डेनर यांनी केला होता. हात हलवून तो येणाऱ्याचे स्वागत करी. त्याचाच भाऊबंद शोभेल असा ‘वेंडोव्हर विल’ हा गुराखी १९५२ साली युटा आणि नेवाडा यांच्या सीमेवरील वेंडोव्हर येथे उभारण्यात आला. १९५८ सालचा स्टारडस्ट हॉटेलचा फलक तर २१६ फूट लांब आणि २७ फूट उंच होता. त्यावर ग्रह, तारे आणि मधोमध पृथ्वीचा गोल होता. अवकाशयुग नुकतेच उजाडले होते आणि शहराच्या वायव्येस अणुचाचण्या चालू होत्या. त्या काळची सारी उत्सुकता या फलकावर उतरली होती. १९७६ साली सर्कस सर्कस या जुगारगृहासमोर १२३ फूट उंचीचा विदूषक उभा राहिला.

या क्षेत्रात येस्को एकटी नव्हती. स्टारडस्टचाच १९६८ सालचा प्रसिद्ध उंच फलक ‘ॲड-आर्ट’ या प्रतिस्पर्धी संस्थेने केला. ‘वेलकम टू फॅब्युलस लास वेगास’ हा सर्वपरिचित स्वागतफलक १९५९ साली ‘वेस्टर्न निऑन’ या संस्थेतील बेटी विलिस यांनी आरेखित केला. त्याचे स्वामित्वहक्क नोंदविले गेले नाहीत आणि म्हणूनच त्याची प्रतिमा आज चहाच्या कपापासून सदऱ्यापर्यंत सर्वत्र मुक्तपणे छापली जाते. कालांतराने या फलकाची मालकी येस्कोकडे आली. स्थानिक प्रशासनाला तो भाड्याने देण्यात आला, म्हणजे संस्थेची जुनी पद्धत येथेही चालू राहिली. २००९ साली अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत त्याचा समावेश झाला.

अभ्यासकांची नजर

शिष्ट वर्तुळांत या रोषणाईची बराच काळ भडक म्हणून संभावना होत असे. १९६४ साली टॉम वुल्फ यांनी ‘एस्क्वायर’ मासिकातील लेखात लास वेगासच्या फलकांकडे आणि त्यांच्या आरेखनकारांकडे गांभीर्याने पाहिले. त्यात येस्कोचाही उल्लेख आला. १९७२ साली रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनौर या वास्तुशास्त्रज्ञांचा ‘लर्निंग फ्रॉम लास वेगास’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वेगाने जाणाऱ्या मोटारीतून पाहणाऱ्याशी इमारत बोलत नाही, पाटी बोलते. तेव्हा अशा शहरात पाटी हीच वास्तुकला ठरते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. तोपर्यंत थॉमस यंग यांचे निधन झाले होते. १९७१ साली ते गेले. संस्थेची धुरा त्याआधीच त्यांच्या मुलाकडे आली होती आणि पुढे ती नातवांच्या पिढीकडे गेली.

अडगळीचे संग्रहालय झाले

अभ्यासकांनी फलकांची थोरवी सांगितली तरी शहराने ते उतरविण्याचे थांबविले नाही. १९८०च्या दशकात गोल्डन नगेटने आपली जुनी रोषणाई काढून टाकली. पुढे अनेक जुनी हॉटेले सुरुंग लावून जमीनदोस्त झाली; स्टारडस्ट २००७ साली पाडण्यात आले. इमारती गेल्या तेव्हा त्यांच्याबरोबर फलकही गेले असते. ते गेले नाहीत, कारण त्यांतील कित्येक फलक हॉटेलमालकांचे नव्हतेच. ते पाटीवाल्याचे होते आणि त्याच्या आवारात परत आले होते.

१९९६ साली लास वेगासमध्ये निऑन संग्रहालयाची संस्था स्थापन झाली. हॅसिएन्डा हॉटेलचा घोडा आणि स्वार हा फलक दुरुस्त करून त्याच वर्षी फ्रीमाँट रस्त्यावर पुन्हा उजळविण्यात आला. ते हॉटेल स्वतः वर्षाच्या अखेरच्या रात्री पाडले गेले. येस्कोने आपल्या आवारातील जुने फलक या संग्रहालयाच्या हवाली केले आणि त्यांतून त्याच्या संग्रहाचा पाया घातला गेला. २०१२ साली हे आवार सर्वसामान्यांसाठी नियमितपणे खुले झाले. पॉल रिव्हिअर विल्यम्स या वास्तुशिल्पकाने आरेखित केलेल्या ला काँचा मोटेलचा शिंपल्याच्या आकाराचा स्वागतकक्ष तुकड्यातुकड्यांनी हलवून तेथे आणण्यात आला. आज तोच संग्रहालयाचे प्रवेशद्वार आहे. आत दोनशेहून अधिक फलक आहेत. काही पुन्हा पेटविलेले आहेत, तर काही गंजलेले आणि नळ्या फुटलेल्या अवस्थेत मुद्दाम तसेच ठेवले आहेत.

काचनळीनंतर

निळा प्रकाश देणारा कार्यक्षम एलईडी १९९०च्या दशकात तयार झाला आणि त्यामुळे सर्व रंग दाखविणारे विजेचे पडदे शक्य झाले. या शोधाला २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एलईडीला वीज कमी लागते, तो काचेसारखा फुटत नाही आणि मजकूर क्षणात बदलता येतो. व्यापाराच्या दृष्टीने हे फायदे नाकारण्यासारखे नव्हते. येस्कोनेही हे तंत्र वेळीच आत्मसात केले. युटातील लोगन येथे २०१५ पर्यंत ती इलेक्ट्रॉनिक फलकांचे उत्पादन करीत असे. इतरांनी उभारलेल्या पाट्यांची देखभाल करण्याचे काम २०११ पासून तिने परवानापद्धतीने अन्य शहरांत नेले. म्हणजे तंत्र बदलले, तरी धंद्याचा कणा देखभालीचाच राहिला. २०२० साली संस्थेने शंभर वर्षे पूर्ण केली.

तोटा झाला तो हस्तकौशल्याचा. पडद्यावरचे अक्षर संगणकातून येते. ते काचेत वळविणारा हात त्यासाठी लागत नाही. अमेरिकेत काच वाकविणाऱ्या कारागिरांची संख्या घटत गेली आहे. आज जे उरले आहेत, त्यांचे पुष्कळसे काम जुन्या फलकांच्या दुरुस्तीचे आणि कलावंतांच्या मागणीचे असते. संग्रहालयाने फलक जपले तरी ते पुन्हा पेटवायचे तर हे कारागीर हवेत. वस्तू गोदामात ठेवून टिकते. कौशल्य मात्र रोजच्या कामाशिवाय टिकत नाही. शहराचा हा वारसा येथे अर्धाच सुरक्षित आहे.

येस्कोच्या इतिहासातून म्हणूनच एक व्यावहारिक गोष्ट हाती लागते. बाजारपेठेतील पाट्या, मग त्या निऑनच्या असोत की पत्र्यावर रंगविलेल्या, या शहराच्या भाषेचा, अक्षरांचा आणि चवीचा पुरावा असतात. दुकान बंद होते त्या दिवशी त्या पुराव्याला कोणी वाली उरत नाही. लास वेगासमध्ये तो वाली एका भाडेकराराने मिळवून दिला. जेथे असा करार नाही तेथे उतरलेली पाटी भंगारवाल्याकडे जाण्यापूर्वी कोणीतरी ती मागून घ्यावी लागते आणि ती करणाऱ्याचे नाव तिच्याबरोबर लिहून ठेवावे लागते.